जुन्या मोटारीचे धुराडे

चूल मांडताना घरातली जाणती बाई आधी धूर कोणीकडे जाईल ते पाहते. मोटारीचा मालक असे पाहतोच असे नाही. इंजिनाची तो चौकशी करतो, टायर बघतो, रंग उडाला की हळहळतो. पण गाडीच्या पोटाखालून पुढून मागपर्यंत जी लोखंडी नळी गेलेली असते तिची आठवण त्याला केव्हा होते? ती गंजून रस्त्यावर खडखडत घासू लागली म्हणजे, किंवा गाडी अशी गुरगुरू लागली की शेजारी खिडक्या लावून घेतात तेव्हा. या नळीला आपण सरसकट 'सायलेन्सर' म्हणतो. खरे तर सायलेन्सर म्हणजे तिच्यावरचा फुगीर डबा तेवढाच. डबा, नळ्या, इंजिनाला चिकटलेला बिडाचा मॅनिफोल्ड, क्लॅम्प आणि रबरी टांगण्या मिळून मोटारीचे धुराडे होते. जुन्या गाडीचे हे धुराडे बदलायचे असेल, किंवा अधिक चांगले करायचे असेल, तर काय ध्यानात ठेवावे ते आज पाहू.

कल्याणहून कर्जतकडे जो लोहमार्ग जातो त्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्टेशने ओळीने लागतात. दुसऱ्या महायुद्धात येथे कल्याणची मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी छावणीचे उल्हासनगर झाले. छावणी गेली तरी 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच' हे पत्ते आजही चालू आहेत. हाताशी काही नसताना जे मिळेल त्यातून वस्तू घडवायची, मोडलेली जोडायची, दुसऱ्याची पाहून तशीच करायची, ही या गावची ख्याती. शेजारचे अंबरनाथ शके ९८२ मधील, म्हणजे १०६० सालच्या, शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. तेथे संरक्षण खात्याचे कारखाने आले, मग औद्योगिक वसाहत आली, आणि त्यांच्याबरोबर लेथ, वेल्डिंग, पत्राकाम जाणणारी माणसे आली. बदलापूरविषयी लोक सांगतात की जुन्या काळी येथे प्रवासात घोडे बदलत, म्हणून हे नाव. गोष्ट खरी असो वा नसो, घोडे बदलण्याच्या गावात आता मोटारींचे पाइप बदलतात, एवढे मात्र डोळ्यांनी दिसते.

येथे येणाऱ्या जुन्या गाड्या तीन-चार जातींच्या. एक ॲम्बॅसडर, जिचे उत्पादन २०१४ साली थांबले. दुसरी जीप. आणि तिसरी, मुंबईकरांच्या विशेष जिव्हाळ्याची, प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. मूळ घाट इटलीच्या फियाट ११०० चा. १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले, आणि या शतकाच्या आरंभी ती बंद झाली. मुंबईतली काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली. खाजगी गाड्या मात्र पुष्कळ शिल्लक आहेत. कोणी वडिलांची आठवण म्हणून ठेवली आहे, कोणी हौसेने जुनी विकत घेतली आहे. पुढे उदाहरण म्हणून मी पद्मिनीच घेतो. तत्त्व सर्वांना सारखेच.

आधी त्या नळीतून जाते काय ते पाहू. पद्मिनीच्या इंजिनाला चार सिलिंडर असतात आणि त्यांची एकूण पोकळी १०८९ घन सेंटिमीटर. प्रत्येक सिलिंडर हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेतो, दाबतो, पेटवतो आणि जळका वायू बाहेर टाकतो. या चार क्रियांना इंजिनाचे दोन फेरे लागतात. म्हणजे चार सिलिंडर मिळून एका फेऱ्यात दोन उच्छ्वास. मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर सहा हजार उच्छ्वास, सेकंदाला शंभर. कानाला हे ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, त्यांचा एक खर्जातला सूर होतो. उलट एकाच सिलिंडरची बुलेट मोटारसायकल सावकाश चालू ठेवा. मिनिटाला नऊशे फेरे धरले तर सेकंदाला साडेसातच उच्छ्वास होतात. म्हणून तिची धडधड जवळजवळ मोजता येते. शिक्षकांना वर्गात ठोका आणि सूर यांतला फरक समजावायला याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

प्रत्येक उच्छ्वास म्हणजे झडप उघडताच सुटलेला एक लहानसा स्फोटच. त्याचा आवाज दाबण्यासाठी डबा बसवण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंना तिचे पेटंट १८९७ साली मिळाले. डबा आवाज दाबतो तो दोन रीतींनी. पहिली रीत परावर्तनाची. अरुंद नळीतून आलेली ध्वनिलहर एकदम रुंद खोलीत शिरली की तिचा काही भाग उलटा फिरतो. खोलीची लांबी हिशेबाने ठेवली तर उलटी फिरलेली लहर आणि मागून येणारी लहर एकमेकींना मारतात, एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र येतो. जुन्या कंपनीच्या डब्यात आडव्या भिंती आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात त्या यासाठी. दुसरी रीत शोषणाची. सरळ नळीला चाळणीसारखी भोके, तिच्याभोवती काचेची लोकर, बाहेर पत्रा. लहर लोकरीत शिरते आणि तिची शक्ती उष्णतेच्या रूपाने मुरते. पहिली रीत खर्जातल्या आवाजाला बरी, दुसरी तार आवाजाला. म्हणून नुसता 'सरळ' डबा बसवला की गाडी थोडी फुरफुरते आणि खर्ज वाढतो. हा खर्ज बाहेर भारदस्त वाटतो. पण बंद काचांच्या आत तासभर बसले की डोके धरते. शंभर कंपनांच्या सुराची लहर गरम वायूत पावणेपाच-पाच मीटर लांब असते. गाडीची पोकळी तिच्यापुढे लहान, त्यामुळे सगळी गाडीच तबल्याच्या डग्ग्यासारखी घुमू लागते.

आता पुष्कळांच्या मनातली एक समजूत. आवाज मोठा तर ताकद मोठी! तरुण मुले मोटारसायकलीचा डबा फोडून आतल्या भिंती काढतात ते याच समजुतीपायी. तिच्या जोडीला दुसरी समजूत फिरते ती अगदी उलट: इंजिनाला मागून थोडा दाब हवाच, नाहीतर ताकद जाते. दोन्हींत सत्याचा एकेक तुकडा आहे, पण दोन्ही जशाच्या तशा घेतल्या तर नुकसान होते.

संध्याकाळची गाडी अंबरनाथला आली की काय होते ते आठवा. शेकडो माणसे एकदम फलाटावर उतरतात आणि पुलाकडे लोटतात. पूल अरुंद असला तर मागची माणसे तुंबतात. हा झाला मागचा दाब, आणि तो इंजिनाला कधीही हिताचा नाही. कारण जळका वायू सिलिंडरात उरला तर नव्या मिश्रणाला तेवढी जागा कमी. मग पूल मैदानाएवढा रुंद केला तर? माणसे तुंबणार नाहीत, पण त्यांची ओळ मोडेल, वेग मंदावेल. वायूच्या बाबतीत हा वेग फार मोलाचा आहे. एक उच्छ्वास वेगाने नळीतून पुढे गेला की त्याच्यामागे क्षणभर दाब कमी होतो आणि ती ओढ पुढच्या उच्छ्वासाला बाहेर खेचायला मदत करते. नळी भलतीच रुंद केली की ही ओढ नाहीशी होते. गाडी कमी फेऱ्यांवर मरगळते, चढावर गिअर उतरवावा लागतो. मालक म्हणतो, 'मागचा दाब गेला म्हणून ताकद गेली.' गेली ती वायूची ओढ. दाबाचा त्यात काही उपकार नव्हता.

थोडा हिशेब करून पाहू. पद्मिनीचे इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर जोरात चालले, आणि सिलिंडर पाऊणपट भरतो असे धरले, तर ते सेकंदाला सुमारे २७ लिटर मिश्रण घेते. जळून तापल्यावर हा वायू फुगून साधारण तिप्पट, म्हणजे ८० लिटरांच्या घरात जातो. दीड इंची नळीत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर होतो. दोन इंची नळी घातली तर वेग ४० मीटरवर येतो. नळीचा व्यास फक्त अर्ध्या इंचाने वाढला, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून पावणेदोन पटींहून थोडे अधिक झाले. 'दोन इंच म्हणजे थोडेच जास्त' असे म्हणणाऱ्याला शाळेतले वर्तुळाचे सूत्र दाखवावे. या मापाच्या इंजिनाला कंपनीने दिलेल्या मापाहून फार तर सुताभराने मोठी नळी घ्यावी. कल्याण-मुरबाड रस्त्याने माळशेज घाट चढायचा असेल तर आपल्याला हवी असते ती खालच्या फेऱ्यांवरची ओढ. शर्यतीची गाडी करायची नसते.

सुधारणेला खरी जागा असते ती इंजिनाजवळ. जुन्या बिडाच्या मॅनिफोल्डात चारही सिलिंडरांचे उच्छ्वास लगेच एका पोकळीत पडतात आणि एकमेकांच्या वाटेत येतात. त्याऐवजी पोलादी नळ्यांचा मॅनिफोल्ड करतात. पेटण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन असा असल्यामुळे पहिल्या आणि चौथ्याची एक जोडी, दुसऱ्या आणि तिसऱ्याची दुसरी जोडी. मग दोन नळ्यांची पुढे एक. अशा जोड्या लावल्या की एका जोडीतले दोन उच्छ्वास समान अंतराने येतात, टकरत नाहीत. काम नाजूक आहे आणि खर्चिकही. यातून मिळते काय? चाळीसएक अश्वशक्तीच्या या इंजिनात दोन-तीन घोड्यांहून अधिक अपेक्षा धरू नये. माझे स्पष्ट मत असे की जी गाडी आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाते तिला बिडाचा मॅनिफोल्डच ठेवावा. त्याला तडा गेलेला नाही ना, त्याचा तळ सपाट आहे ना एवढे पाहावे, आणि पैसा मागच्या नळीत व डब्यात घालावा.

कारण धुराडे मरते ते मागून आणि आतून. ऐकून नवल वाटेल, पण एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. पेट्रोलातला हायड्रोजन आणि हवेतला प्राणवायू यांचे ते पाणी. इंजिन तापलेले असले तर ते वाफ होऊन निघून जाते. थंड सकाळी गाडी सुरू करून नळीच्या तोंडासमोर स्टीलचे गार ताट काही क्षण धरा, म्हणजे थेंब दिसतील. मुलांना दाखवावा असा प्रयोग आहे. फक्त उघड्यावर करावा आणि मुलांना वाऱ्याच्या बाजूस दूर उभे करावे. गाडी दोन-तीन किलोमीटरच चालवून ठेवून दिली तर हे पाणी डब्यातच राहते. त्यात जळणाच्या वायूंतली आम्ले मिसळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. सर्वांत मागचा डबा सर्वांत थंड, म्हणून तो आधी जातो. बाहेरून काळा रंग तसाच, आत मात्र चाळण! चांगल्या डब्याला तळाशी एक बारीक भोक ठेवलेले असते ते पाणी ठिबकून जाण्यासाठी. कित्येक मालक ते गळती समजून बुजवून घेतात. ते बुजवू नये.

आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर पडते. उल्हास नदीचे पाणी या गावांना नवे नाही. २६ जुलै २००५ चा पूर सर्वांना आठवतो. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसच पाण्यात अडकली होती, आणि हजाराच्या आसपास प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा वेळी अंगणातली गाडी बुडते आणि गढूळ पाणी नळीतून वर चढते. पाणी ओसरल्यावर घाईने स्टार्टर मारू नये. सिलिंडरात पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही आणि इंजिनाचा दांडाच वाकतो. आधी प्लग काढावेत, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे, डबा उतरवून उलटा करून गाळ काढावा. लोकरीचा डबा असेल आणि लोकरीत चिखल बसला असेल तर तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती आवाजाची नाही, पैशाचीही नाही. बदलापुरात एका परिचितांकडे जुनी पद्मिनी आहे. त्यांच्या धाकट्या मुलीला गाडी 'लागत' असे. लांबच्या प्रवासात डोके दुखे, मळमळे, मग ती पेंगू लागे. आवळासुपारी झाली, लिंबू झाले, पुढच्या सीटवर बसवणे झाले. पुढे बसली की थोडे बरे वाटे. सगळ्यांनी धरून चालले की पोरीची प्रकृतीच नाजूक. पुढे डब्याचा आवाज वाढला म्हणून ते गाडी घेऊन उल्हासनगरला गेले. तेथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली शिरून पाहिले, बाहेर आले आणि आवाजाविषयी काहीच न बोलता विचारले, "साहेब, मागच्या सीटवर कोण बसतं?" मागच्या बाजूस नळी फुटली होती आणि तिच्या बरोबर वर फरशीचा पत्रा गंजून दोन रुपयांच्या नाण्याएवढा गेला होता. वर पायपोस अंथरलेले, त्यामुळे कोणाला दिसले नव्हते. नळी बदलली, पत्र्याला ठिगळ बसले, आणि मुलीला गाडी लागणे थांबले.

तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले तांबडे द्रव्य प्राणवायूला जितके धरते त्याच्या दोनशेहून अधिक पट घट्ट या वायूला धरते. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. हवेच्या हजार भागांत हा वायू एक भाग असला तरी तास-दोन तासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीच्या धुरात, सरकारी मर्यादेत असतानाही, तो शंभरात तीनपर्यंत असू शकतो. एवढे गणित पुरे. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे गाडी लागण्यासारखीच असतात, हीच त्यातली फसवणूक. गाडीत एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, किंवा गाडीबाहेर आल्यावर थोड्या वेळाने बरे वाटू लागले, तर आवळासुपारी न शोधता गाडीखाली पाहावे. कोणी गुंगीत गेले असेल तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावे.

खेड्यांतून ताडपत्रीच्या टपाच्या जुन्या जीपगाड्या अजून माणसे नेतात. तेथे आणखी एक गोष्ट घडते. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर तेथेच घोटाळतो. मागचा पडदा अर्धवट उघडा ठेवला तर तो आत ओढला जातो. म्हणून नळीचे तोंड गाडीच्या अंगाबाहेर, शेवटच्या पट्टीच्या पलीकडे काढलेले असावे. तुटली म्हणून मध्येच कापून सोडून देणे सर्वांत वाईट. बंद पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवून दुरुस्ती करणे हेही तसेच जिवावरचे काम आहे. एसी लावून बंद जागेत गाडीत झोपणारे चालक वर्तमानपत्रांत कोणत्या बातमीत येतात ते आपण वाचतोच.

गळती शोधणे सोपे आहे. गाडी थंड असताना सुरू करा, जाड फडका घेऊन नळीचे तोंड क्षणभर दाबून धरा. धुराडे धड असेल तर हाताला जोर लागेल आणि इंजिन बंद पडू पाहील. कोठून तरी 'फुस-फुस' ऐकू आले तर तेथे भोक आहे. जोडांवर काजळीच्या काळ्या रेघा दिसल्या तरी तेच समजावे. डब्याला पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो.

नवीन नळी कशाची घ्यावी? साधे पोलाद स्वस्त, पण आपल्या हवेत त्याची दोन-चार पावसाळ्यांपलीकडे खात्री नको. ॲल्युमिनियमचा लेप दिलेले पोलाद त्याहून टिकाऊ. स्टेनलेस स्टीलचे दोन प्रकार कामाचे. ४०९ नंबरच्या पोलादात क्रोमियम सुमारे ११ टक्के. त्यावर तांबूस डाग पडतात, पण ते सहज फुटत नाही. ३०४ नंबर म्हणजे आपल्या भांड्यांचे, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे. ते सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत महाग. लोहचुंबक ४०९ ला चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही. दुकानदार काय देतो आहे ते खिशातल्या चुंबकाने कळते. मात्र ३०४ तापल्यावर अधिक वाढते. अडीच मीटरची नळी तीनशे अंशांनी तापली तर साधे पोलाद नऊ मिलिमीटर वाढते, ३०४ सुमारे तेरा. तेवढी वाढायला जागा हवी. म्हणून टांगण्या रबराच्याच हव्यात. मजबुतीच्या नावाखाली नळी चासीला वेल्डिंगने जखडली की वर्षाच्या आत कोठेतरी तडा जातो, आणि इंजिनाची थरथर सगळ्या गाडीत उतरते ती निराळीच. पत्र्याची जाडी १८ गेज पुरते, इंजिनाजवळ १६ गेज बरी.

पाण्याची जस्ताची, म्हणजे जीआय, नळी कोणी सुचवली तर नको म्हणावे. तिला वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. तसेच नळीभोवती गुंडाळायला जुन्या साठ्यातली ॲस्बेस्टॉसची दोरी वापरू नये. तिची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

बाक देण्याची कला पाहण्यासारखी असते. यंत्र नसेल तेव्हा मिस्त्री नळीत वाळू ठासतात, दोन्ही तोंडे बंद करतात, लाल होईपर्यंत तापवून हळूहळू वाकवतात. वाळूमुळे नळी आत दबत नाही, गोलाई राहते. ही वाळू आधी तव्यावर भाजून खडखडीत कोरडी केलेली असावी, नाहीतर आतल्या ओलीची वाफ होऊन बूच बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. नुसती दाबून वाकवलेली नळी बाकाशी चपटी होते, आणि आपण वाढवलेला व्यास तेथे फुकट जातो. स्टेनलेसच्या जोडांना ॲर्गन वेल्डिंग उत्तम. गाडीवरच वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीची वायर सोडावी, आणि पेट्रोलची टाकी जवळ असेल तर नळी उतरवूनच काम करावे. 'दोन मिनिटांचं तर काम आहे' या वाक्याने पुष्कळ गाड्या जळल्या आहेत.

मॅनिफोल्डचे जुने स्टड तुटतात ही नेहमीची रड. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, घाई करू नये. नवे नट पितळेचे घ्यावेत; पितळ पोलादाला गंजून धरत नाही. पॅकिंग नेहमी नवे, आणि नट मधून सुरू करून दोन्ही कडांकडे आळीपाळीने आवळावेत.

आता कायद्याचे. मोटार वाहन नियम १९८९ मधील १२० वा नियम सांगतो की प्रत्येक मोटारीला, अगदी शेतीच्या ट्रॅक्टरलाही, आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा. आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा मोडून गाडी चालवणाऱ्याला १९८८ च्या कायद्यातील १९० व्या कलमान्वये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय परवाना तीन महिने स्थगित होतो. जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याची चित्रे आपण पाहिली आहेत. आणि शिक्षकांना हे ठाऊक असावे की २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळा, रुग्णालय व न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरता येतो. तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, म्हणजे सामान्य बोलण्याहूनही थोडी कमी. नेरळच्या डोंगरावर, माथेरानला, मोटारींना मुळीच प्रवेश नाही. तेथे एक दिवस राहून खाली उतरावे, म्हणजे आपण रोज किती गोंगाटात राहतो ते कळते.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने निराळे नियम केले. वीस हजार रुपये भरून गाडीची 'व्हीए' अक्षरांच्या क्रमांकाने नोंद करता येते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची असते, रोजच्या वापराला नाही. पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. या नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. ज्यांच्या मनात हे असेल त्यांनी नळ्यांच्या मॅनिफोल्डचा मोह सोडावा आणि मूळ घाटाचाच डबा टिकाऊ पोलादात करून घ्यावा. बाहेरून जुने, आतून चिवट, असे केलेले मला तरी सर्वांत आवडते. नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा जो उत्प्रेरक डबा असतो तो आपल्याकडे चार महानगरांत १९९५ पासून आला. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला तो जोडून फारसे साधत नाही. मिश्रण नेमके राखणारी यंत्रणाच तिच्यात नसते.

नवे धुराडे बसले की काम संपले असे समजू नये. नळी मोकळी झाली की मिश्रण किंचित पातळ पडू शकते. पन्नासएक किलोमीटर चालवून प्लग काढून पाहावेत. टोक बदामी असेल तर ठीक. पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी पडते आहे आणि झडपा जळतील. काळे असेल तर जास्त. त्यानंतर पीयूसी करावी. आधी केलेली उपयोगाची नाही, कारण फुटक्या नळीत बाहेरची हवा शिरते आणि यंत्र खोटाच चांगला आकडा दाखवते. त्याच वेळी, इंजिन गार झाल्यावर, मॅनिफोल्डचे नट पुन्हा एकदा आवळावेत. पहिल्या तापण्यात पॅकिंग दबते आणि नट सैल होतात.

आणि जुनी नळी लगेच भंगारवाल्याला देऊ नका. तिचे बाक, तिची लांबी, टांगण्यांच्या जागा हाच पुढच्या वेळचा नमुना आहे. पद्मिनीचे नकाशे आता कोणत्या दुकानात मिळणार? मिस्त्री ती जमिनीवर ठेवतात, खडूने तिच्याभोवती रेघ ओढतात आणि त्या रेघेबरहुकूम नवी वाकवतात. नळी पुसून, तिच्यावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून माळ्यावर टाकावी. चार-सहा वर्षांनी ती लागतेच.